आधी खालचं, मग वरचं

चार नंबरचं मशीन सकाळपासून मोराची मान काही पुरी होऊ देत नव्हतं. पाय झाले, पोट झालं, पिसारा झाला. मानेपाशी आलं, की टक्. धागा तुटला. लाल दिवा लागला. मशीन उभं.

भरतकामाच्या मोठ्या मशीनची रीतच अशी. धागा तुटला की ते जागच्या जागी थांबतं. मग माणसानं धागा पुन्हा ओवायचा, मशीन चार टाके मागं न्यायचं आणि पडलेल्या टाक्यांवरूनच पुन्हा पुढं जायचं. चार टाके दोनदा पडतात, म्हणून जोड दिसत नाही.

(धागा तुटला. चार टाके मागं.)

पडलेल्या टाक्यांवरूनच पुन्हा पुढं जायचं, तर: बारामती एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये अशी चार मशीनं होती. पहिल्या तिन्हींवर माणसं होती. चौथ्याचा ऑपरेटर गणपती उठल्यावर पुण्याला निघून गेला, तेव्हापासून त्या मशीनसमोरचं उंच स्टूल रिकामं होतं, आणि त्या स्टुलावर उत्कर्षाचा डोळा होता.

हे काही गुपित नव्हतं. लासुर्ण्याची ही सून मनातलं मनात ठेवणाऱ्यांतली नव्हतीच. खिडकीखालच्या लांब टेबलावर सिंधुबाई आणि ती, दोघी मशीनवरून उतरलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायच्या. कपडा पालथा घालायचा, मागून कात्री फिरवायची, झटकायचा, घडी घालायची. बायांनी धागे कापायचे आणि बाप्यांनी मशीन चालवायचं, असं तिथं कुणी ठरवलं नव्हतं. पण उन्हात पत्रा तापतो, तितकंच ते सगळ्यांनी धरून चाललेलं. उत्कर्षा तेवढी धरून चालत नव्हती. मालक विजयसिंह समोरून गेले, की तिचं सुरू.

“मालक, चारवर मला बसवा की.”

“तुला मशीनमधलं काय कळतंय?”

“मागची बाजू कळती.”

“लोक कपडा पुढनं बघत्यात.”

“पण उसवतो मागनं.”

विजयसिंह हसायचे आणि पुढं जायचे. दसऱ्याच्या सुट्टीआधी मात्र त्यांनी हसणं बंद करून सांगून टाकलं: सोलापूरचा एक ऑपरेटर ठरलाय, सुट्टी झाली की येतोय. म्हणजे उद्या. उद्या तो माणूस त्या स्टुलावर बसणार, आणि एकदा बसलेला माणूस काही उठत नाही. उत्कर्षाच्या हातात आजचा दिवस होता.

आणि आजच मशीन बिघडलं होतं.

मशीनशेजारी खुर्ची टाकून इंदापूरचे गोकुळ मास्तर बसले होते. ब्रास बँडचे मालक. क्लॅरिनेट स्वतः वाजवायचे. बँडच्या लाल कोटांवर छातीला दोन सोनेरी मोर आणि पाठीवर बँडचं नाव काढायचं होतं. बाकीच्यांचे कोट सुट्टीआधीच होऊन गेले. उरला होता तो खुद्द मास्तरांचा. कोटाची मोठी फ्रेम चार नंबरलाच बसायची, म्हणून तो दुसऱ्या मशीनवर टाकताही येत नव्हता. उद्या सकाळी महामार्गाला नव्या पेट्रोल पंपाच्या उद्घाटनाची सुपारी होती, आणि मास्तर साध्या शर्टात पुढं चालणार, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. मास्तरांना तर नव्हतंच.

“दीपकराव,” मास्तर म्हणाले, “हा मोर हाय का कोंबडा? मान मुरगाळल्यावानी दिसतोय.”

दीपक हा तिथला हेड ऑपरेटर. शहाणा, शांत माणूस; पण आज कोटावर नव्हे, नुसत्या चिंधीवर मोर काढून बघता बघताच त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं सुई बदलली. सोनेरी धाग्याची नवी रीळ लावली. वरचा धागा सैल येतोय म्हणून त्याचा नॉब आवळला. आवळून आवळून नॉब अडला, तरी कापडावर धाग्याचे फुगे उठायचेच. आणि फुगे थांबले, की टक्. शेवटी त्यानं ते केलं, जे तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही.

खालचा पांढरा धागा ज्या डबीत फिरतो, त्या बॉबिनच्या डबीला एक तिळाएवढा स्क्रू असतो. खालच्या धाग्याचा सगळा ताण त्या स्क्रूच्या हातात. मेकॅनिकनं त्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. ठिपका मोडला, की कुणीतरी बोट घातलं हे कळावं म्हणून. दीपकनं तो ठिपका खरवडला आणि स्क्रू सैल केला.

आता मोराच्या अंगावर खालचे पांढरे ठिपके वर आले.

“आता ह्याच्यावर तीळ पेरलं व्हय?” मास्तर म्हणाले.

दीपक स्टुलावरून उतरला. “मास्तर, माझं डोकंच बंद पडलंय.”

स्टूल रिकामं झालं होतं. हातातली कात्री न ठेवताच उत्कर्षा तिथं येऊन उभी राहिली.

“मी बघू का?”

विजयसिंह फोनवर बोलता बोलता थांबले. काही म्हणणार, तेवढ्यात दीपकच म्हणाला, “बघू द्या, मालक. ह्या मशीनची पाठ हिच्याएवढी कुणी बघितली न्हाय.”

“चिंधीवरच करायचं,” विजयसिंह म्हणाले. “कोटाला हात न्हाय. ऊन उतरायच्या आत मास्तरांचा कोट झाला, तर स्टूल तुझं. सोलापूरला मी नको म्हणून सांगतो. न्हाय झाला, तर परत ह्या स्टुलाचं नाव काढायचं न्हाय. हाय कबूल?”

“कबूल. पण सोलापूरला फोन माझ्यासमोर करायचा.”

“अगं बया!” खिडकीखालून सिंधुबाई ओरडली. “ही तर मालकालाच अटी घालाय लागली!”

मागची बाजू

कपड्याची मागची बाजू खोटं बोलत नाही. शाळांचे गणवेश, डेअरीतल्या टोप्या, दुकानांचे टी-शर्ट. उत्कर्षानं सगळ्यांच्या पाठी बघितल्या होत्या. भरलेली पट्टी उलटून बघितली, तर मधोमध पांढरा धागा दिसला पाहिजे आणि दोन्ही कडांना रंगीत. तीन वाटे केले तर मधला वाटा पांढरा. पांढरं पसरलं, की समजावं वरचा धागा हात आखडून बसलाय. पांढरं बुडालं, की वरचा उधळलाय. दोघं एकमेकांना सारखं ओढतात, तेव्हाच टाका कापडाच्या पोटात बसतो.

हे तिला डोळ्यांनी येत होतं. हातांनी अजून काहीच आलेलं नव्हतं.

*

“आधी खालचं, मग वरचं,” ती स्वतःशी पुटपुटली. मेकॅनिक आला की तो असंच म्हणायचा. वरचा धागा कशाशी जुळवायचा, तर खालच्याशी. मग खालचाच जागेवर नसेल तर जुळवणार कशाशी?

तिनं डबी बाहेर काढली, तिचा धागा चिमटीत धरला आणि डबी हवेत सोडली. विहिरीत पोहरा सुटावा तशी डबी थेट खाली गेली. सैल. फारच सैल. तिनं बारका पेचकस घेतला, डबी उलटीसुलटी करून बघितली, स्क्रूच्या खाचेत टोक बसवलं, आवळायचं म्हणून फिरवलं, आणि तो तिळाएवढा स्क्रू डबीतून

(धागा तुटला. चार टाके मागं.)

तो तिळाएवढा स्क्रू डबीतून निघाला आणि उडाला. डबी तिनं पालथी धरून पेचकस खालून लावला होता; फिरकी उलटी पडली आणि स्क्रू आवळायच्या जागी सुटला.



“कुणी हलू नगा!” दीपक ओरडला आणि स्वतःच पहिल्यांदा गुडघ्यांवर बसला. मग सगळेच बसले. गोकुळ मास्तर मोबाइलची बॅटरी लावून मशीनखाली शिरले. “क्लॅरिनेटची पत्ती हरवली हुती तवाबी आसा रांगलो न्हाय,” आतून आवाज आला.

“दुसरा स्क्रू न्हाय का?” विजयसिंहांनी विचारलं.

“हाय की,” दीपक म्हणाला. “पुण्यात.”

धाग्यांच्या कचऱ्यातून उत्कर्षा बोटं फिरवत होती. हातात काम आलं नाही तोवर गेलंसुद्धा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. विजयसिंह उभेच होते. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. सोलापूरच्या माणसाच्या जेवणाची सोय कुठं करायची, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललेलं तिला दिसत होतं.

“आई गं!” सिंधुबाई एका पायावर उभी राहिली. अनवाणी टाच वर करून तिनं बघितली. “हितं बसलाय बघ मेला. माज्या भेगंत.”

टाचेच्या भेगेतून स्क्रू निघाला. मास्तरांनी मशीनखालूनच टाळ्या वाजवल्या.

“मलम लाव म्हणत हुतीस न्हवं मला रोज?” सिंधुबाई स्क्रू उत्कर्षाच्या तळहातावर ठेवत म्हणाली. “लावला आस्ता तर?”

आता उत्कर्षानं डबी सरळ धरली. स्क्रू बसवला. एकदम नाही, घड्याळाचा काटा जेवढा सरकतो तेवढाच फिरवायचा, डबी लोंबवून बघायची, पुन्हा तेवढाच. डबी आधी धावत खाली गेली, मग चालत गेली, मग एकदा हवेत थांबली. तिनं हात हलकेच झटकला. डबी बोटभर खाली उतरली आणि पुन्हा थांबली, कोळी आपल्या धाग्यावर थांबतो तशी.

“खालचं झालं,” ती म्हणाली. दीपकनं मान डोलावली.

मग वरचं. तिनं सोनेरी धाग्याचा नॉब सैल करून मधोमध आणला आणि चिंधीवर एक उभी पट्टी भरली. पट्टी अर्ध्यापर्यंत सुरेख आली, पुढं फुगे उठले, आणि टक्. तिनं चिंधी उलटी केली. सुरुवातीला मधोमध पांढरं, अगदी पाहिजे तसं. पुढं पांढरं पार बुडालेलं.

एकाच पट्टीत दोन्ही.

इथं ती थबकली. ताण नुसता कमी असता तर पट्टी सगळी सैल आली असती. जास्त असता तर सगळी आवळ आली असती. मधेच बदलतो, म्हणजे नॉबचा दोष नाही. धाग्याच्या वाटेत कुणीतरी बसलंय.

तिनं सोनेरी धागा सुईपासून हातानं ओढला. आधी लोण्यातून आल्यासारखा आला, मग काट्याला अडकल्यासारखा. शेजारच्या सुईचा पांढरा धागा ओढला. तोही तसाच. आणि ओढता ओढता तिचं बोटाकडं लक्ष गेलं.

पांढरा धागा गुलाबी होऊन येत होता.

मागची बाजू

खंडेनवमीला शेडमधली मशीनं बंद असतात आणि त्यांची पूजा होते. पूजा बायांनी करायची. वर्षभर ज्या मशीनला बोट लावायची मुभा नाही, त्याला त्या दिवशी बोट लावल्याशिवाय चालत नाही. सिंधुबाईनं पहिल्या तीन मशीनांना हळदीकुंकवाचं एकेक बोट टेकवलं, झेंडूची माळ घातली, झालं. चार नंबर उत्कर्षानं मागून घेतलं होतं.

तिनं कुंकू पाण्यात चांगलं कालवलं. मशीनच्या कपाळाला लावलं. मग वरच्या धाग्यांचे ते नॉब दिसले, ओळीनं, प्रत्येक सुईचा एक. एकाला लावायचं आणि बाकीच्यांनी काय पाप केलंय? तिनं एकेक करून सगळ्यांना लावलं, भरघोस, ओघळ येईपर्यंत. लावताना मनातल्या मनात म्हणाली, मला घे. मला घे रे बाबा.

ओघळ नॉबच्या मागं उतरले. तिथं दोन चकत्या असतात, एकमेकींना चिकटून. धागा त्यांच्या मधून जातो आणि तेवढ्यानंच त्याला ताण मिळतो. दसऱ्याच्या सुट्टीत मशीन बंद राहिलं आणि तिथलं कुंकू वाळून खपली झालं.

*

“भेसळ माल हाय तुमचा!” विजयसिंह फोनवर धाग्याच्या व्यापाऱ्याला झाडत होते. “सगळ्या पेट्या परत घेऊन जा. दोन दिवस सुट्टी काय झाली, धाग्याला धागेपण राहिलं न्हाय!”

पलीकडून व्यापारी काहीतरी गयावया करत होता.

उत्कर्षाच्या हातात चिंधीचा तुकडा होता. नॉब काढायचा, चकत्या पुसायच्या, तुकडा खिशात. कुणाला दिसलंही नसतं. धागा बदलला आणि मशीन सुरू झालं, असंच सगळे म्हणाले असते. व्यापाऱ्यानं शिव्या खाल्ल्या असत्या, त्याला त्याची सवय असणार. आणि स्टूल

(धागा तुटला.)

आणि स्टूल तिला मिळालं असतं. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा कुणीतरी ओघळ येईपर्यंत कुंकू लावलं असतं, आणि दीपक पुन्हा स्क्रू खरवडत बसला असता.

“मालक, फोन ठेवा.”

“आं?”

“फोन ठेवा. धागा चांगला हाय. आत कुंकू गेलंय. आणि ते मी लावलंय.”

तिनं नॉब उघडला. स्प्रिंग काढली, वरची चकती काढली आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवली. आतल्या बाजूला लाल खपली, तिच्यातून धाग्यानं पाडलेली बारीक वाट.

मास्तर पुढं वाकले. “आयला. मशीनचा मळवटच भरलाय की.”

“म्हंजे,” विजयसिंह सावकाश म्हणाले, “तूच बिघडवलं, तूच शोधलं, आणि स्टूल पण तुलाच?”

“व्हय.”

ती एवढ्या पटकन म्हणाली, की सिंधुबाईनं तोंडाला पदर लावला.

“मालक,” दीपक म्हणाला, “तिनं एकदा बिघडवलं. मी सकाळधरनं बिघडवतोय. मला कुठं काढलंय तुमी?”

विजयसिंहांनी फोन कानाला लावला. पलीकडचा व्यापारी अजून होता. “पेट्या राहू द्या,” ते म्हणाले. “न्हाय न्हाय, माल चांगला हाय. आमच्या हितंच जरा देवधर्म जास्त झाला.” मग उत्कर्षाकडं वळून: “एकच नॉब उघडून काय करतीस? सगळे उघड. शर्त अजून हाय तिथंच हाय. ऊन बघ कुठवर आलंय.”

ऊन खिडकीतून सिंधुबाईच्या टेबलावर आलं होतं.

तिनं एकेक नॉब उघडला. कापडाची पट्टी चकत्यांमधून दातातून दोरा ओढावा तशी ओढली. पट्टी लाल झाली की दुसरी. सिंधुबाई पट्ट्या कापून देत होती. दीपक काढलेल्या स्प्रिंगा ज्या त्या क्रमानं मांडून ठेवत होता, आणि मास्तरांना कुणी काही सांगितलं नव्हतं तरी ते प्रत्येक चकतीवर फुंकर घालत होते, क्लॅरिनेटवाल्याच्या दमदार छातीनं.

मग सगळं पुन्हा बसवलं. प्रत्येक सुईची एक उभी पट्टी. चिंधी उलटी करून बघायची, नॉब कणभर इकडं, कणभर तिकडं. सोनेरी धाग्याच्या पट्टीशी ती सगळ्यात जास्त रेंगाळली. तो धागा चकाकतो, पण कडक असतो. बाकीच्यांपेक्षा त्याला थोडं मोकळं सोडावं लागतं, हे तिला चिंधीनंच सांगितलं. आवळ होता तोवर तो कुरकुरत होता. मोकळा सोडला आणि कुरकुर थांबली.

“लाव कोट,” दीपक म्हणाला.

तिनं मास्तरांचा लाल कोट फ्रेममध्ये ताणला, बोटानं टिचकी मारून बघितली, स्टुलावर चढली आणि हिरवं बटण दाबलं, आणि सुई खाली गेली आणि वर आली आणि मोराचा पाय उमटला, दुसरा उमटला, पोट भरत गेलं, सोनेरी धागा चकत्यांमधून न कुरकुरता येत राहिला आणि खालून पांढरा त्याला तेवढ्याच हातानं धरत राहिला, पिसाऱ्याचा एकेक डोळा उघडला, मशीननं स्वतःच हिरव्या सुईवर उडी मारली आणि परत सोनेरीवर आलं, दीपकनं एक ते तीनच्या ऑपरेटरांना हातानं खूण केली तशी तेही मान वळवून बघायला लागले, मास्तर खुर्चीतून उठले आणि उभे राहिले, मानेशी आलं, मानेच्या पहिल्या वळणाशी आलं, सिंधुबाईनं डोळे मिटून घेतले, दुसऱ्या वळणाशी आलं, जिथं सकाळपासून प्रत्येक वेळी टक् झालं होतं तिथं आलं आणि तिथून पुढं गेलं, चोचीवर गेलं, तुऱ्यावर गेलं, तुऱ्याचे तिन्ही ठिपके पडले आणि दुसऱ्या मोराचा पाय सुरू झाला आणि उत्कर्षानं तेव्हा कुठं श्वास सोडला.

पाठीवरचं नाव पूर्ण झालं, तेव्हा ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं होतं; पण होतं.

मास्तरांनी कोट मागितला. उत्कर्षानं दिला नाही. आधी उलटा केला. मधोमध पांढरं, दोन्ही कडांना सोनेरी, मानेपासून तुऱ्यापर्यंत सारखं. तिनं कोट दीपककडं दिला. त्यानं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“आता ह्या पाठीला नावं ठेवायची तर मला भिंग लागंल,” तो म्हणाला.

मास्तरांनी कोट अंगात घातला, बटणं लावली आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. कुठल्याही वाद्याशिवाय. तरीही लोक बाजूला झाले.

“आता पंपवाल्यानं पेट्रोल न्हाय दिलं तरी चालंल,” ते म्हणाले.

विजयसिंहांनी फोन काढला. उत्कर्षा स्टुलावरून उतरली नाही. हात मांडीवर ठेवून बघत राहिली. त्यांनी तिच्यासमोरच नंबर लावला. “हां, सोलापूर का? ... न्हाय, येऊ नगा. जागा भरली. ... आज. ... हितलीच हाय, आमच्याच शेडमधली.” फोन खिशात घालत ते म्हणाले, “हिकडं आजून एक ऑर्डर हाय. टोप्या. उद्या सकाळी लवकर यावं लागंल.”

“यीन. पण टेबलावर सिंधुबाईला सोबत कोणतरी बघा. एकटीला उरकायचं न्हाय.”

“पुन्हा अट!”

“ही अट न्हाय, मालक. ही ऑपरेटरची सूचना हाय.”

दीपक तोंड फिरवून हसला. आणि सिंधुबाई टेबलापाशी गेलीच नाही, मशीनच्या मागं जाऊन त्या मोकळ्या, स्वच्छ चकत्यांकडं बघत म्हणाली, “ह्यो नॉब कसा उघडतीस, मला एकदा दाव. म्हातारपणी का हुईना.”

“आत्ता दावते.”

पण त्याआधी तिनं घरी फोन लावला. लासुर्ण्याला तिच्या सासूबाई कुशाबाई रानात वांगी तोडत असणार. फोन बराच वेळ वाजला.

“आत्या, मला मशीन मिळालं.”

“मशीन?” कुशाबाई म्हणाल्या. “आन ठिवायचं कुठं? पडवीत तर कांदा हाय.”

“घरी न्हाय आणायचं. हितंच हाय. मी चालवायचं.”

पलीकडं वांग्याची पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तू? तू एकटी चालवायचं? बाप्यागत?”

“बाप्यागत न्हाय, आत्या. त्यांच्याकडनं आज चाललंच नव्हतं.”

कुशाबाईंनी फोन कानापासून काढला असावा. पण बंद केला नव्हता. दूर गेलेला त्यांचा आवाज बांधावरून पुढं जाताना ऐकू येत होता. “अगं सारजे! आगं ये सारजे! आमच्या उत्कर्षानं मशीन घेतलं! ... आगं घेतलं म्हंजे चालवतीय! ... मोठ्ठं! आं? मोटारीएवढं आसंल की!”

“एवढं न्हाय, आत्या,” उत्कर्षा म्हणाली. पण ऐकणारं कुणी नव्हतं. मोटारीएवढं मशीन एव्हाना दुसऱ्या रानात पोचलं होतं.

तिनं फोन तसाच चालू ठेवून स्टुलाच्या कडेला टेकवला, एक टोपी फ्रेमवर ताणली आणि सिंधुबाईचा हात धरून नॉबवर ठेवला.